जाड ठशाची अक्षरे : मथळ्यासाठी की वाचनासाठी?



कृतिपत्रिका बनवताना आपण शब्द निवडतो, चित्रं निवडतो, प्रश्न सोपा की अवघड हे पाहतो. पण ते शब्द कोणत्या अक्षरात छापायचे हा विचार आपल्यापैकी किती जण करतात? मी करत नव्हते. फाँटची यादी उघडायची, जो छान दिसेल तो घ्यायचा आणि प्रिंट मारायची. त्याचा भुर्दंड माझ्या वर्गातल्या एका मुलीला पडला, म्हणून हा लेख.

काय घडलं?

दुसरीचा वर्ग. दिवाळीच्या सुट्टीआधी शब्दवाचनाची चाचणी घ्यायची होती. मी घरी लॅपटॉपवर कृतिपत्रिका तयार केली. मथळ्यासाठी एक जाडजूड, ऐटदार फाँट सापडला. स्क्रीनवर इतका सुंदर दिसला की मथळाच काय, खालचे सगळे शब्दही त्याच फाँटमध्ये टाकले. एक प्रिंट काढली आणि मोहोळ स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून वर्गापुरत्या प्रती आणल्या. पुढच्या वेळी मूळ प्रत सापडेना, म्हणून झेरॉक्सवरूनच झेरॉक्स काढली.

एक मुलगी वाचायला उभी राहिली. 'बदक' या शब्दाला ती 'वदक' म्हणाली. 'भात'ला 'मात'. 'घर'पाशी अडकली आणि 'धर' म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी नोंदवहीत लिहिलं : ब-व, भ-म, घ-ध यांत गोंधळ, अक्षरओळख कच्ची, जादा सराव आवश्यक. पालकसभेत तिच्या आईलाही तेच सांगितलं. आई जरा गप्प झाली, मग म्हणाली, "घरी पुस्तकातलं तर चांगलं वाचती की ओ मॅडम. तुमच्या कागदावर काय हुतंय काय म्हाईत."

खरं सांगते, तेव्हा मला ते पालकांचं नेहमीचं समर्थन वाटलं. पण बोलणं डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच शब्द मी फळ्यावर खडूने लिहिले. पोरीने सगळे घडाघडा वाचले. एकही चूक नाही. मग मी ती कृतिपत्रिका हातात घेऊन नीट पाहिली. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ झेरॉक्समध्ये उडाली होती. 'भ'च्या डोक्यावरची फट शाईने भरून गेली होती. कागदावर खरोखरच 'वदक' आणि 'मात' छापलेलं होतं! पोरगी जे होतं ते वाचत होती. चूक माझ्या कागदाची होती आणि शेरा मात्र तिच्या नावावर पडला होता.

त्यानंतर मी अक्षरांच्या ठशांबद्दल वाचायला आणि वर्गात करून बघायला लागले. जे समजलं ते इथे मांडते.

शीर्षक-ठसा म्हणजे काय?

छपाईची अक्षरं कामानुसार ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक सलग मजकुराची, जी आपण पुस्तकात पानंच्या पानं वाचतो. ती डोळ्यांना त्रास न देता मागे राहतात. वाचताना अक्षर दिसत नाही, अर्थ दिसतो. दुसरी मथळ्याची, म्हणजे शीर्षक-ठसा. याचं काम उलटं. लांबून दिसणं, थांबवणं, लक्ष वेधून घेणं. थोडे शब्द, मोठा आकार.

शीर्षक-ठशातही एक खास प्रकार आहे : जाड रेघा अतिशय जाड आणि बारीक रेघा केसासारख्या बारीक. हा प्रकार रोमन लिपीतून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मा शहरात बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराणं यांनी जाड-बारीक रेघांत ठळक फरक असलेली अक्षरं घडवली. त्या अक्षरांच्या टोकांना छोट्या सरळ पट्ट्या असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती आणि लॉटरीची भित्तिपत्रकं जोरात छापली जाऊ लागली. भिंतीवर दहा कागद चिकटलेले असताना आपलाच कागद लोकांनी वाचावा म्हणून तिथल्या ओतशाळांनी त्याच अक्षरांच्या जाड रेघा आणखी फुगवल्या आणि बारीक तशाच ठेवल्या. असा हा लठ्ठ ठसा जन्मला. म्हणजे मुळातच तो भिंतीसाठी जन्मलेला आहे, वहीसाठी नाही.

आपल्या देवनागरीत हे कसं आलं?

देवनागरीत सेरिफ हा प्रकार मुळात नाही. आपल्या अक्षरांना वर शिरोरेखा असते आणि तीच नजरेला ओळीत धरून ठेवते. पण जाड-बारीक हा फरक मात्र आपल्याकडे जुनाच आहे. तो बोरूतून आला. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक.

इथे एक गंमत आहे. रोमन अक्षरांच्या लेखणीचा तिरकेपणा आणि आपल्या बोरूचा तिरकेपणा एकमेकांच्या उलटा. इंग्रजी 'ए' हे मोठं अक्षर बघा : डावा पाय बारीक, उजवा जाड. म्हणजे वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी रेघ त्यांच्याकडे जाड. आपल्याकडे तशीच रेघ बारीक पडते. आता 'ब'च्या पोटातली रेघ आठवा. ती नेमकी डावीकडे वरून उजवीकडे खाली येते. 'ष'चंही तसंच. म्हणजे 'व' आणि 'ब', 'प' आणि 'ष' यांच्यात फरक करणारी जी एकमेव रेघ, तीच वळणाच्या नियमाने सगळ्यात बारीक! माझ्या कृतिपत्रिकेचं रहस्य इथे उलगडलं.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात देवनागरीसाठी जोडाक्षरं, मात्रा, उकार धरून शेकडो वेगवेगळे खिळे ओतावे लागत. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांची देवनागरी अक्षरं संस्कृत आणि मराठी ग्रंथांसाठी नावाजली गेली. पण ती मुख्यतः वाचनाची अक्षरं. मथळ्यासाठी इतके सगळे खिळे मोठ्या आकारात ओतणं खर्चिक आणि जड काम. म्हणून नाटकाच्या जाहिरातीचं किंवा मासिकाचं मोठं नाव बहुतेक वेळा चित्रकार हाताने रेखाटायचा आणि त्याचा ब्लॉक करून छापायचे. मराठी नाटकांच्या शीर्षकांना असा चेहरा देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) हे या कलेतलं सर्वांत ओळखीचं नाव. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते गंभीर की विनोदी हे त्यांच्या अक्षरावरून कळायचं.

आता संगणकामुळे तेच काम फाँट करतात. जाड-बारीक प्रकारचं देवनागरीतलं सहज मिळणारं उदाहरण म्हणजे 'रोझा वन'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये प्रकाशित केला. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी आहेत. देवनागरीचं काम ज्योतिष सोनोवाल यांचं आणि रोमनचं टिम डोनाल्डसन यांचं. तो गूगल फाँट्सवर मोफत आहे आणि युनिकोड आहे. 'वन' म्हणजे एकच वजन. यात सडपातळ, मध्यम, जाड असे प्रकार नाहीत. जो आहे तो जाडच.

त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर पैठणी नेसून समारंभाला आलेल्या पाहुणीसारखा. दारात उभी राहिली की सगळ्यांचं लक्ष जाणार. पण त्याच पैठणीत रोज शेतावर जायला सांगितलं तर दोष पैठणीचा नाही.

लहान आकारात नेमकं काय होतं? थोडं गणित

हे गणित मी सातवीच्या मुलांकडूनही करून घेतलं, गुणोत्तराचा चांगला सराव होतो.

समजा, मथळा २०० पॉइंट आकारात आहे. त्यातली सर्वांत जाड रेघ १० मिलिमीटर आणि सर्वांत बारीक १ मिलिमीटर आहे. आता तेच अक्षर १४ पॉइंटात घेऊ. १४ भागिले २०० म्हणजे ०.०७. जाड रेघ झाली ०.७ मिलिमीटर, ती व्यवस्थित दिसते. बारीक रेघ झाली ०.०७ मिलिमीटर.

आपला साधा प्रिंटर ६०० डीपीआयचा धरू, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. एक इंच २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटर. आपली बारीक रेघ जेमतेम दीड ठिपक्याची! पहिल्या प्रिंटमध्ये ती कशीबशी येते. झेरॉक्समध्ये तुटते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये गायब होते. मागे उरतात नुसते दंड.

दुसरीकडे, जाड रेघांच्या मधल्या छोट्या मोकळ्या जागा टोनरने भरतात. 'घ', 'भ' यांच्या आतली पांढरी जागा, 'ध'च्या डोक्यावरची फट, अनुस्वार आणि शिरोरेखा यांच्यातलं अंतर, सगळं बुजतं. मी या पांढऱ्या जागेला मुलांसमोर 'अक्षराचं पोट' म्हणते. पोट बुजलं की अक्षर गुदमरतं.

मोठ्या माणसाला याचा त्रास का होत नाही? कारण आपण अक्षर-अक्षर वाचत नाही. 'बदक' शब्द आपल्या हजारदा पाहण्यात आलेला असतो, बाजूला बदकाचं चित्र असतं, आपण अंदाजाने पुढे जातो. दुसरीतलं मूल मात्र प्रत्येक अक्षराचं वळण तपासत पुढे सरकतं. त्याला प्रत्येक रेघ लागते. म्हणून शिक्षकाला कागद 'एकदम स्वच्छ' दिसतो आणि त्याच कागदावर मूल अडखळतं.

खास लक्ष ठेवायच्या जोड्या अशा : ब–व, ष–प, भ–म, घ–ध, थ–य, ख–रव, ङ–ड, रु–रू. फाँट निवडताना आधी या एवढ्याच जोड्या टाइप करून, हव्या त्या आकारात प्रिंट काढून बघा.

मग हा ठसा वापरायचा कुठे?

जाड ठसा वाईट, असा निष्कर्ष काढू नका. जागा बरोबर असली की त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

शाळेत : हस्तलिखित अंकाचं नाव, स्नेहसंमेलनाचा फलक, विज्ञान प्रदर्शनातला मुख्य मथळा, 'वाचन कोपरा', 'गणित पेटी' अशा पाट्या, प्रमाणपत्रावरचा 'प्रशस्तिपत्र' हा एक शब्द. एक ते चार शब्द असावेत आणि आकार मोठा असावा.

गावात : यात्रेतल्या कुस्त्यांच्या जंगी मैदानाचं पोस्टर आठवा. 'कुस्त्या' हा शब्द रस्त्याच्या पलीकडून दिसतो आणि पैलवानांची नावं जवळ गेल्यावर साध्या अक्षरात वाचता येतात. पेंटरला हे न शिकता कळलेलं असतं. घरातली भिंतीवरची दिनदर्शिका बघा. तारीख जाड, तिथी-नक्षत्र लहान आणि साध्या अक्षरात.

दुकानाच्या पाटीवर : महाराष्ट्रात २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतलं मराठी नाव असणं आणि ते इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. अशा वेळी मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच जाडीत घडवलेला फाँट उपयोगी पडतो. नाहीतर इंग्रजी रुबाबदार आणि मराठी किडकिडीत असं बेसूर दिसतं.

आता उलट उदाहरण. पुणे–सोलापूर महामार्गावर 'मोहोळ' लिहिलेला हिरवा फलक बघा. तिथे जाड-बारीक असा खेळ नाही, सगळ्या रेघा जवळपास सारख्या. वेगाने जाणाऱ्या ड्रायव्हरला सौंदर्य नको, क्षणात वाचता येणारं नाव हवं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावरची काळी अक्षरंही तशीच. म्हणजे नुसतं 'मोठं अक्षर' पुरेसं नाही. वाचणारा कोण आणि कोणत्या घाईत आहे, यावर ठसा ठरतो. आपला दुसरीतला वाचक त्या ड्रायव्हरसारखाच असतो. त्याला प्रत्येक वळण लगेच ओळखू यायला हवं.

जाड फाँट सगळे सारखे नसतात

मोफत मिळणारे आणखी काही फाँट मी वर्गात वापरून पाहिले, त्यांचा फरक सांगते.

'मोदक' हा मुंबईच्या एक टाइप या गटाचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला. नावासारखाच गुबगुबीत. अक्षरं इतकी फुगलेली की आतल्या मोकळ्या जागा फक्त पांढऱ्या रेघांसारख्या उरतात. रोझामध्ये बारीक काळी रेघ नाजूक, तर मोदकमध्ये बारीक पांढरी रेघ नाजूक. लहान आकारात दोघांचंही अडतं, कारण मात्र वेगळं. वाढदिवसाच्या फलकावर मुलांना मोदक फार आवडतो.

'बलू' हाही त्याच गटाचा. गोलसर, जाड, पण पोट मोकळं. 'बलू २' मध्ये साध्यापासून खूप जाडपर्यंत वेगवेगळी वजनं मिळतात. तक्त्यावरच्या उपशीर्षकांना तो बरा पडतो.

'यात्रा वन' हा कॅथरीन ली श्मिट यांचा. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. फलकासाठी छान.

वाचनासाठी 'मुक्ता' : सरळ, स्वच्छ, सात वजनांत मिळतो. कृतिपत्रिकेसाठी मी आता बहुतेक हाच घेते. आणि 'टिरो देवनागरी मराठी' हा बोरूच्या वळणाचा, पण सलग मजकुरासाठी घडवलेला. थोड्या मोठ्या मुलांच्या गोष्टींच्या पानांना शोभतो.

'श' आणि 'ल' तपासायला विसरू नका

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही रूपं ठरवून दिली. १० नोव्हेंबर २०२२ ला त्याचा सुधारित निर्णय आला. पण बऱ्याच फाँटमध्ये पहिल्यांदा हिंदी वळणाचा श आणि दंडाला चिकटलेला ल दिसतो. काही फाँटमध्ये दोन्ही रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. पुस्तकात एक 'ल', फळ्यावर दुसरा आणि कृतिपत्रिकेत तिसरा, असं झालं तर पहिलीच्या मुलाने काय करावं? म्हणून 'शाळा, लाल, शहाळे, लक्ष' हे शब्द टाइप करून आधी बघून घ्या.

वर्गात घेता येईल असा उपक्रम : अक्षराचं पोट

इयत्ता : तिसरी ते पाचवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : तुटके खडू, जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, बिस्किटाचे रिकामे पुडे, रंगीत पेन्सिली.

१. खडूचा बोरू. इंचभर लांबीचा खडूचा तुकडा फळ्यावर आडवा टेकवा. त्याचं एक टोक डावीकडे वर, दुसरं उजवीकडे खाली, असा तिरका धरा. आता हात न वळवता 'व' काढा, मग 'ब' काढा. जाड-बारीक रेघा आपोआप उमटतील. 'ब'च्या पोटातली रेघ कशी बारीक येते ते मुलं स्वतः बघतील. नंतर तेच अक्षर खडूच्या टोकाने लिहा. दोन्हींतला फरक मुलांनाच सांगू द्या.

२. पोट रंगवा. वर्तमानपत्रातला एक मोठा मथळा आणि बातमीतली एक ओळ घ्या. प्रत्येक अक्षरातली बंद पांढरी जागा मुलांनी रंगवायची. मथळ्यात रंगवणं सोपं जातं, लहान अक्षरात पेन्सिल मावत नाही. 'मावत नाही' हा शब्द मुलांच्या तोंडून आला की अर्धा धडा झाला.

३. मागे सरका. एकच शब्द दोन ठशांत छापून फळ्याला लावा. मुलं एकेक पाऊल मागे जातात आणि जिथे वाचता येत नाही तिथे थांबतात. मग कागद लहान छपाईचा देऊन उलट करा. कोणता ठसा लांबून जिंकतो आणि कोणता जवळून, हे मुलांनी वहीत नोंदवायचं.

४. अक्षर कुणाचं? लग्नपत्रिका, औषधाची पट्टी, बिस्किटाचा पुडा, एसटीचं तिकीट यांवरची अक्षरं पाहून 'हे अक्षर ओरडतंय, सांगतंय की कुजबुजतंय?' हे विचारायचं. माझ्या वर्गात एकाने सांगितलं, "मॅडम, किंमत कुजबुजत्या आणि नाव ओरडतंय." ग्राहक जागृतीचा धडा फुकटात झाला!

आपल्या गावाचं नावही यासाठी मस्त आहे. मोहोळ म्हणजे मधमाश्यांचं पोळं. 'मोहोळ' हा शब्द जाड ठशात लहान छापला की 'ह' आणि 'ळ'ची वळणं एकमेकांत अशी घुसतात की खरंच माश्या बसल्यासारख्या दिसतात. मोठा छापला की तोच शब्द भारदस्त दिसतो.

कृतिपत्रिका करताना माझे सध्याचे नियम

• जाड ठसा फक्त मथळ्याला. बाकी सगळा मजकूर साध्या, सारख्या रेघांच्या फाँटमध्ये.

• पहिली-दुसरीसाठी अक्षर मोठं आणि ओळींत भरपूर अंतर. ७२ पॉइंट म्हणजे साधारण एक इंच, पण तो इंच वरची मात्रा आणि खालचा उकार धरून असतो. मधलं अक्षर त्याहून बरंच लहान असतं. त्यामुळे फक्त आकड्यावर जाऊ नका, प्रिंट हातात घेऊन बघा.

• एकच वजन असलेल्या जाड फाँटवर पुन्हा 'बोल्ड'चं बटण दाबायचं नाही. संगणक अक्षर उगाच फुगवतो आणि उरलंसुरलं पोटही बुजतं.

• झेरॉक्स नेहमी मूळ प्रिंटवरून. मूळ प्रत वेगळ्या फाइलमध्ये.

• प्रती वाटण्याआधी शेवटची, सगळ्यात फिकट किंवा काळपट आलेली प्रत स्वतः वाचायची. मूल तीच वाचणार असतं.

• जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या फाँटमध्ये टाकला तर चिन्हांची खिचडी होते. तो पुन्हा टाइप करावा किंवा रूपांतर करून घ्यावा.

• एका कागदावर दोनपेक्षा जास्त फाँट नाहीत.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मूल एखादा कागद वाचताना अडखळलं तर लगेच 'येत नाही' म्हणू नका. तोच शब्द पाटीवर साध्या अक्षरात लिहून द्या. तिथे वाचता आला तर अडचण कागदात आहे. तिथेही अडलं तर अक्षराचा सराव हवा. आणि दोन्हीकडे डोळे बारीक करून, कागद जवळ धरून वाचत असेल तर एकदा डोळे तपासून घ्या. तीन वेगळी कारणं आहेत, तिन्हींवर उपाय वेगळा. बाजारातली अक्षरओळखीची पुस्तकं घेतानाही मुखपृष्ठाच्या जाड रंगीत अक्षरांवर जाऊ नका. आतलं पान उघडा आणि 'ब'चं पोट बघा!

शेवटी

मी त्या मुलीची नोंद बदलली. जुना शेरा खोडून तारीख टाकून लिहिलं : कृतिपत्रिकेतील छपाई अस्पष्ट होती, फलकवाचन अचूक. तिच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं की ताई, तुमचं बरोबर होतं. आई हसल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणलं नव्हतं का." एवढंच. पण पोरगी दारामागून ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

सुट्टीनंतर वर्गाच्या वाचन कोपऱ्यासाठी मी नवी पाटी केली. त्याच जाड, ऐटदार ठशात, पण या वेळी वीतभर उंचीच्या अक्षरांत. तिला म्हटलं, वाच बरं. ती वर्गाच्या पार मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिथून मोठ्याने वाचलं. पाटीत 'ब' होता. बरोबर वाचला.

आपल्या वर्गात असा एखादा शेरा चुकीच्या नावावर पडलेला नाही ना, हे आज कृतिपत्रिकांचा गठ्ठा काढून एकदा बघाल का?